क्षेत्रभेटीत भेटलेली बहीण

सत्यशीलाने अकरावीला भूगोल घेतला तो नकाशांच्या ओढीने. आईवडील पाथर्डी तालुक्यातले ऊसतोड मजूर, दिवाळीच्या सुमाराला कोल्हापूरकडे निघायचे. शिक्षण बुडू नये म्हणून ती नेवाशात गोजरबाई आत्याकडे राहायची. धाकटी बहीण ज्ञानेश्वरी चौदा वर्षांची. सत्यशीला बारावीत असताना, यंदा तिला मामाकडे ठेवलंय, तिथंच नववीत घातलंय, असं वडिलांनी, पुंजारामांनी, फोनवर सांगितलं होतं. मामाच्या वस्तीवर रेंज नसते, त्यामुळे बोलणं होत नव्हतं. सत्यशीलाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बारावीच्या जानेवारीत भूगोलाची क्षेत्रभेट निघाली. विषय होता हंगामी स्थलांतर. भूगोलाचे योहान सर मुलांना एका साखर कारखान्याजवळ, ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, होत्या तिथे घेऊन गेले. दोघा-दोघांनी कोपीत जाऊन गाव, वय, शिक्षण विचारायचं होतं. आपले आईवडीलही अशाच कोपीत राहतात, हे सत्यशीलाने वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या जोडीला वर्गातली रोझी होती.

कडेच्या कोपीत दोघी वाकून शिरल्या. चुलीपुढे एक पोरगी भाकरी थापत होती. गळ्यात काळे मणी, हातात हिरवा चुडा. सत्यशीलाने मूळ गाव विचारलं. पोरीने मान वर केली. ती ज्ञानेश्वरी होती.

"ताई," एवढंच ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी करपायला लागली म्हणून ती उलटायला वळली.

काहीतरी विचारायला हवं म्हणून सत्यशीलाने पुढचाच प्रश्न विचारला. "वय?"

"अठरा सांगायचं म्हनलेत."

रोझीने कागदावर अठरा लिहिलं, आणि मग तिचा हात थांबला.

ज्ञानेश्वरी खालच्या आवाजात सांगत गेली. दिवाळीच्या आधीच एका देवळात लग्न उरकलं. नवऱ्याचं नाव अंगद. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात, एकट्या गड्याला टोळीत कोण घेतंय. ताईला कळलं तर ती मोडता घालील, म्हणून तिला सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं. आईलाही ठाऊक होतं. आता ती पहाटे उसाच्या फडात जाते, उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये चढवते. तिचे तळवे सोललेले होते.

सत्यशीला बाहेर आली आणि एका बैलगाडीच्या चाकाला टेकून खाली बसली. आईला ठाऊक होतं, एवढंच डोक्यात फिरत होतं. सर जवळ आले तेव्हा ती म्हणाली, "सर, त्या कोपीत माझी बहीण हाय. चौदा वर्सांची."

सरांनी बाकीच्या मुलांना बसमध्ये बसवलं आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावला. दुपारी पोलीस आणि बालसंरक्षणवाले आले. कोप्यांमधून माणसं गोळा झाली. ज्ञानेश्वरी जीपमध्ये चढताना सत्यशीला पुढे झाली. बहीण गळ्यात पडेल असं तिला वाटलं होतं.

"लगीन लावताना त्यांनी मला इचारलं न्हाई, आन् पोलीस बोलावताना तू तरी कुठं इचारलंस?" ज्ञानेश्वरी म्हणाली, आणि तिने तोंड फिरवलं.

सकाळच्या धक्क्यापेक्षा हा मोठा होता. सत्यशीला तिथंच उभी राहिली.

दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. ज्ञानेश्वरीला नगरच्या मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, हंगाम संपल्यावर पुंजाराम गोजरबाईंच्या दारात आले, बहिणीशी बोलले, सत्यशीलाकडे न बघता माघारी गेले. बारावीच्या पेपरात स्थलांतरावर प्रश्न आला, तो सत्यशीलाने सोडून दिला. तरी भूगोलात ती कॉलेजात पहिली आली.

आता ती नगरला बी.ए. करते, भूगोल घेऊनच. रविवारी वसतिगृहात जाते. सुरुवातीला ज्ञानेश्वरी भेटायला बाहेरच यायची नाही. शाळेत नववीत नाव घातल्यावर एकदा आली, दारातच उभी राहिली आणि कंपासपेटी हवी म्हणाली. पुढच्या रविवारी सत्यशीला ती घेऊन गेली. आई अजून एकदाही आलेली नाही.