हातानं दिलेला अनंत

आमच्या गल्लीत रोप मागायची पद्धत नव्हती. रोप चोरायचं असायचं. मागून आणलेली फांदी लागत नाही आणि चोरून आणलेली हमखास लागते, यावर गल्लीतल्या समस्त बायकांचा पक्का विश्वास होता. त्या चोरीलाही रीतभात होती. जिच्या दारची जुई हवी तिच्या दारात जाऊन उभं राहायचं, उन्हाच्या, भाजीच्या, सुनांच्या गोष्टी करायच्या. मग मालकीण "दूध उतू चाललं वाटते" म्हणत आत जायची. घरात दुधाचा थेंब नसला तरी जायची. तेवढ्यात फांदी मोडून पदराखाली घ्यायची. बाहेर येण्याआधी मालकीण आतूनच खोकायची, म्हणजे चोराला सावरायला वेळ मिळावा. सत्तरच्या दशकात आमच्या गल्लीतली मधुमालती, चमेली, रातराणी अशीच घरोघर पोचली होती.

चोरांच्या या गल्लीत एकच साव होती, ती म्हणजे माझी आई. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. आम्ही बौद्ध. दर रविवारी विहारात ती डोळे मिटून पंचशील म्हणायची, आणि न दिलेलं घ्यायचं नाही हे त्यातलं दुसरं शील तिनं फांद्यांनाही लावलं होतं. आमचा मोगरा सरकारी रोपवाटिकेतला. जुई तिच्या माहेरची, कामठीची. मामानं ती ओल्या गोणपाटात गुंडाळून बसनं आणली होती. रातराणी शाळेतल्या एका बाईंकडे तिनं सरळ तोंडानं मागितली. आणि गंमत म्हणजे हे सगळं लागलं, फोफावलं. गल्लीला याचा भारी राग. "मास्तरीणबाईच्या धाकानं लागते," असा निकाल शेवटी बायकांनी देऊन टाकला.

भिंतीपलीकडे काकू राहायच्या. त्यांच्या यजमानांचा ट्रकचा धंदा होता. काकू छिंदवाड्याकडच्या, त्यामुळे बोलण्यात हिंदीची फोडणी. देवधर्म पुष्कळ, आवाज मोठा आणि मन त्याहून मऊ. आई थंडीत मोगऱ्याला ताण द्यायची, म्हणजे त्याचं पाणी तोडायची आणि पानन् पान ओरबाडून काढायची. उन्हाळ्याच्या तोंडी त्याला शेणखत आणि भरपूर पाणी दिलं की मग तो कळ्यांनी लदबदायचा. दरवर्षी व्हायचं तसंच व्हायचं, पण दरवर्षी काकू भिंतीवरून हळहळायच्या. "काहून वं बाई त्याले असं उपाशी मारून राहिल्या? जीव हाये त्याले!" आईचं लक्ष नसलं तर भिंतीवरून हळूच तांब्याभर पाणी ओतायच्या. मग आई मोगऱ्याचा आणि काकूंचा, दोघांचाही वर्ग घ्यायची.

काकूंच्या अंगणात अनंत होता. भिंतीच्या वर डोकं काढणारा, पानं तेल लावल्यासारखी चकचकीत. तो फुलला की आमच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास मागे पडायचा. आमच्या भागातलं विहिरीचं पाणी खारं, माती काळी चिकट, आणि उन्हाळा तर नागपूरचाच. अनंताला यातलं काहीच मानवत नाही. तरी काकूंनी तो ताक घालून, मुळाशी गंजके खिळे पुरून, दुपारी गोणपाटाची सावली करून जगवला होता. लग्न होऊन येताना त्यांनी तो माहेरच्या अंगणातून चोरून आणला होता, स्वतःच्या आईच्या झाडावरून. गल्लीतल्या बऱ्याच जणींनी त्याच्या फांद्या पळवल्या, पण एकीकडेही लागला नाही. "चोरताना कोणाच्या नजरेस पडली असन," काकू म्हणायच्या. आणि एकदा त्यांनी नणंदेला आपल्या हातानं बांधलेलं कलम आपल्या हातानं दिलं होतं. ते आठवड्यातच वाळलं. तेव्हापासून त्यांची खात्रीच पटली होती की, आपल्या हातानं दिला तर अनंत मरतो.

त्या वर्षी उन्हाळ्यात बातमी आली की काकू जाणार. धंदा वाढला होता, शहराच्या कडेला वाडीला गोदाम घेतलं होतं आणि गोदामाच्याच माडीवर राहायचं ठरलं होतं. दसऱ्याचा मुहूर्त धरला होता. घर विकलं होतं आणि घेणाऱ्याला अंगण फरसबंद करून गाडी उभी करायची होती. माडीवर मातीचा कणही नव्हता. अनंत तोडला जाणार हे सगळ्यांना कळत होतं. त्याविषयी पहिले काही दिवस काकू एक शब्द बोलल्या नाहीत, आणि काकू गप्प राहणं ही आमच्या गल्लीत ताप येण्याइतकी गंभीर बाब होती.

पाऊस लागल्यावर एक दिवस त्या स्टुलावर चढलेल्या दिसल्या. आमच्याकडे भिंतीवरून झुकलेल्या फांदीची साल त्यांनी अंगठीएवढी सोलली होती. त्यावर शेण-मातीचा गोळा लिंपला, जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि सुतळीनं गच्च आवळली. याला गुटी कलम म्हणतात. झाडावर असतानाच फांदीला त्या गोळ्यात मुळं फुटतात, मग खालून कापून लावायची. गुटी आमच्या बाजूला होती. आमच्या हाताला येईल अशी होती. काकूंनी आईकडे पाहिलंसुद्धा नाही, पण एवढं झाल्यावर कुणालाही समजलं असतं.

आईला समजलं. तिनं गुटीची निगा घ्यायला सुरुवात केली. उघडीप पडली की ती चिंधीवर पाणी शिंपडायची. श्रावण सरला तेव्हा चिंधीच्या फटीतून पांढरी मुळं डोकावली. आता फक्त कापायचं होतं.

मग सुरू झाली काकूंची नाटकं. "मास्तरीणबाई, मी आज महालात बाजाराले चालली. संध्याकाळपर्यंत घरी कोणी नाई, बरं का!"

"बरं वैनी," आई म्हणायची, "मी घरावर लक्ष ठेवते."

आणि खरंच ठेवायची. शाळेतून आली की दारात खुर्ची टाकून वह्या तपासत बसायची, म्हणजे दुसऱ्या कोणी ती गुटी न्यायला नको. काकू परत यायच्या, गुटी जागच्या जागी लोंबकळताना पाहायच्या आणि चपला जोरात काढायच्या. एकदा त्या भिंतीवर कैची विसरल्या. आईनं ती पुसून, गंज लागू नये म्हणून तेल लावून परत नेऊन दिली. कोराडीच्या वीजकेंद्रातल्या पाळीवरून आलेले बाबा अंगावरची राख झटकत हे सगळं पाहायचे आणि म्हणायचे, "दोघींत चोर कोण अन् पोलीस कोण, हेच कळून नाई राहिलं."

दसरा जवळ आला तशी मला चैन पडेना. मला ते झाड फार आवडायचं. मी आईला म्हटलं, "तू नको तोडू, मी तोडते. शील तुझं मोडन, माझं थोडीच."

आईनं मला मारलं असतं तर परवडलं असतं. तिनं मला समोर बसवून दुसरं शील म्हणायला लावलं. त्याच संध्याकाळी काकूंचाही धीर सुटला. त्या भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या आणि चक्क भांडायला लागल्या. "काहून नाई तोडत वं तुमी? माझं झाड मरून राहिलं तुमच्या डोळ्यासमोर, अन् तुमाले एक फांदी चोरता येत नाई? साऱ्या गल्लीनं चोरलं माझं. मी कोणाले बोलली का?"

आईचा आवाज कधी चढायचा नाही. तेव्हाही चढला नाही. "वैनी, दुसरीनं तोडलं तं गल्ली हसते. मी तोडलं तं कोणी हसन का? आमच्या माणसाले चोर म्हनाले लोकाले निमित्त लागत नाई. माझ्या बापानं गावात कोणाच्या कुंपणाले हात लावला नाई, तरी काही हरवलं का पहिले आमच्याच घरी येत. तुमी मनानं देऊन राहिल्या हे मले समजते. पण मी घेताना दिसन ते चोरताना दिसन. मले द्या तुमी. मी दोन्ही हातानं घेते."

काकू भिंतीपासून मागे सरल्या. पदर सावरून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. इतकी वर्षं शेजारी राहून, वाट्या-पातेल्यांची देवघेव करून, त्यांना हे कधी सुचलंच नव्हतं, हे जाताना त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं होतं. आणि आईनंही ते इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं.

दसऱ्याला आमचं घर पाहुण्यांनी भरलेलं असायचं. तो आमचा धम्मदीक्षेचा दिवस. गावाकडून नातलग यायचे, अंगणात, ओसरीवर, जिथे जागा मिळेल तिथे पथाऱ्या. सकाळी बायका पांढरी लुगडी नेसून दीक्षाभूमीकडे निघायच्या तयारीत होत्या आणि शेजारी काकूंचं सामान ट्रकमध्ये चढत होतं. गल्लीतल्या बायका निरोपाला जमल्या होत्या. मी भिंतीकडे पाहिलं तर गुटी नव्हती. फांदी ताजी कापलेली होती.

तेवढ्यात काकू आमच्या फाटकातून आत आल्या. हातात अनंत होता, मुळांचा गोळा केळीच्या पानात बांधलेला. गर्दीनं वाट दिली. आईच्या समोर उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा त्यांच्या त्या मोठ्या आवाजात काकू म्हणाल्या, "हा माझा अनंत मी मास्तरीणबाईले देऊन राहिली. माझ्या हातानं देऊन राहिली. सगळ्याइनं पाहून ठेवा."

कोपऱ्यावरच्या आजीबाईंनी "अवो, देऊ नका, मरन तो" असं म्हणून तोंडावर हात ठेवला.  आईनं दोन्ही हात पुढे करून रोप घेतलं आणि कपाळाला लावलं. फाटकाबाहेर पडताना काकू आईच्या कानाशी पुटपुटल्या, "मेलं तं मले सांगू नका." मग त्या ट्रकच्या केबिनमध्ये यजमानांशेजारी बसल्या, आणि मागे वळून पाहिलं नाही.

अनंतानं आमची परीक्षा पाहिली. आधी पानं पिवळी पडली, मग गळली. थंडीत नुसती काडी उरली. आईनं तो रांजणाशेजारी लावला होता, तिथं जमीन कायम ओलसर आणि गार असायची. ताक आम्हाला प्यायला कमी आणि त्याला जास्त. वैशाखात आई त्याला ओल्या गोणपाटाच्या आड ठेवायची आणि शाळेला सुट्टी असल्यानं दिवसभर त्याच्यापाशी घुटमळायची. काडीवर हिरवे ठिपके आले. मी म्हटलं, काकूंना कळवू या. आई नको म्हणाली. फूल येईपर्यंत अनंत जगला असं म्हणता येत नाही, आणि खोटी आशा लावून त्या बाईला दोनदा रडवायचं नाही, असं तिचं म्हणणं. तिकडून काकूंचाही निरोप नाही. सण गेले, वार गेले, वाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पण एवढीही लांब नव्हती.

पुढल्या पावसात पहिली कळी उमलली. पहिलं फूल आई नेहमी विहारात न्यायची. हे तिनं ओल्या फडक्यात ठेवून स्टीलच्या डब्यात घातलं आणि मला वाडीच्या बसमध्ये बसवलं.

गोदामांच्या रांगेत, चिखलात रुतलेल्या ट्रकांमधून वाट काढत मी ती माडी शोधली. डिझेलचा वास जिन्यात भरलेला. काकूंनी मला पाहिलं आणि जवळ घेतलं. आईची तब्येत, बाबांची पाळी, माझा अभ्यास, मोगऱ्याचे हाल, कोपऱ्यावरच्या आजीबाई, सगळ्यांची चौकशी केली. चहा ठेवला, पोहे केले. एका गोष्टीबद्दल मात्र विचारलं नाही. ती गोष्ट तोंडावर येऊ नये म्हणून त्या एकसारखं बोलत होत्या, हे त्या वयातही मला कळलं.

मी डबा उघडला.

काकू बोलता बोलता थांबल्या. फुलाला हात न लावता त्यांनी विचारलं, "इतवारीच्या बाजारातून आणलं?"

"नाही काकू. तुमचंच आहे. तुम्ही दिलेलं."

 "जगलं?" त्यांनी विचारलं, मग पुन्हा विचारलं, आणि मी दोन्ही वेळा हो म्हटलं. "मी तं वर्षभर धरूनच चालली होती का मेलं. माझ्याच हातानं मारलं म्हनून इकडून तिकडं येनं नाई झालं माझ्यानं."

"मरणार असं वाटत होतं, तर मग दिलं काहून, काकू?"

"नाई देलं असतं, तं तुझ्या आईनं थे घेतलं असतं का?" त्या म्हणाल्या. "अन् चोरून घेतलं असतं अन् कोणी तिले एक शब्द बोललं असतं, तं मी काय केलं असतं वं? झाडाचं काय, गेलं तं झाडच गेलं असतं."

मग त्यांनी ते फूल दोन्ही हातांनी उचललं आणि मोठ्यानं, अगदी त्यांच्या नेहमीच्या आवाजात, मनसोक्त रडल्या.