वाईसच्या जबड्यातली खाच

गेल्या उन्हाळ्यापर्यंत माझ्याकडे अकरा वाईस होते. गॅरेजात टेबलाच्या कडेला बसवलेला, दांडा फिरवला की जबडे आवळून वस्तू घट्ट धरणारा लोखंडी चिमटा म्हणजे वाईस. हे मला दरवेळी समजावून सांगावं लागतं. बायकांनी काय जमवावं हे लोकांनी आधीच ठरवून टाकलं आहे, आणि त्यात पितळी डबे, साड्या आणि फार तर कुंड्या बसतात. तीस किलोचा गंजलेला चिमटा बसत नाही.

मी वाशीमला एका सरकारी कार्यालयात भांडारपाल आहे. कुणालाही नको असलेली वस्तू नेमकी कोणत्या कपाटात पडली आहे हे माहीत असणं, याचा मला पगार मिळतो. पहिला वाईस तिथूनच आला. निरुपयोगी सामानाचा लिलाव झाला, सगळं गेलं, हा तेवढा उरला. मी रीतसर घेतला, घासून काढला, रंगवला, आणि त्यानंतर माझं जे व्हायचं ते झालं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून स्कूटर बाहेर आली आणि वाईस आत गेले. आमचे हे अनसिंग गावचे, शाळेत शिक्षक. ते म्हणाले, "लोकं सोनं जमवते, तू चिमटे जमवून राह्यली. सोनं चोरीले तरी जाते."

माझी पद्धत ठरलेली होती. आला तसा चारही बाजूंनी फोटो. मग पूर्ण सुटा करून दोन दिवस डिझेलमध्ये. तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, आट्यांना ग्रीस, अंगाला गडद निळा रंग. झिजलेलं ते बदलायचं, वाकलेलं ते सरळ करायचं. शेवटी वहीत नोंद: कुठून आला, वजन, जबड्याची रुंदी, कुठली बनावट, शेरा. प्रत्येकासमोर कार्ड. अकराही एका फळीवर सारख्या अंतराने. भिंतीवरचं घड्याळसुद्धा मी त्यांच्याशी जुळेल असं आणलं होतं.

ओळख पटवण्यासाठी एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. देशभरातले जुने वाईस जमवणारे लोक त्यात. मी एकटीच बाई, त्यामुळे सगळे मला 'सर' म्हणत. फोटो टाकला की पाच मिनिटांत सात जणांना सात देश दिसायचे.

सहा नंबरचा वाईस मला शेलूबाजारच्या एका कबाड्याकडे सापडला. कूलरच्या सांगाड्याखाली दबलेला होता. अंगावर तीन रंगांचे थर आणि त्यावर कित्येक दसऱ्यांचं कुंकू तेलात मुरून दगडासारखं झालेलं. सगळं खरवडल्यावर कुशीवर दोन अक्षरं दिसली, बाकीची गंजाने खाल्ली होती. जबडा ज्या चौकोनी दांडीवर मागेपुढे सरकतो, ती सुटी केल्यावर तिच्यावर ठिपके दिसले. एक ठिपका, थोड्या अंतरावर दोन, आणखी पुढे तीन. ग्रुपवर तीन आठवडे चर्चा झाली. एक जण म्हणाला जर्मनी, दुसरा म्हणाला पंजाबातलं बटाला. ठिपक्यांबद्दल मात्र एकमत झालं: इंग्रजांच्या फौजेत माल तपासून घेत, त्याची ती खूण. मी वहीत लिहिलं, 'इंग्लंड (बहुधा), लष्करी.' त्या कार्डासाठी मी जाड कागद वापरला.

एकच गोष्ट खटकत होती. जबड्याला आतून ज्या दोन पोलादी पट्ट्या असतात, त्यांवर कुण्या अडाण्याने कानस चालवली होती. डाव्या टोकाला एक तिरपी, खोल खाच, दोन्ही पट्ट्यांत समोरासमोर. फौजेतून आलेल्या वस्तूची आमच्या लोकांनी काय दशा केली, असा मी ग्रुपवर उसासाही टाकला. चौदा जणांनी दुःख व्यक्त केलं. मग जुन्या पट्ट्या काढून मोडीत दिल्या आणि अकोल्याच्या लेथवाल्याकडून नव्या करून घेतल्या.

त्याने विचारलं होतं, "मॅडम, काम काय होनार हाय याच्यावर?"

"काम नाही करायचं. चांगला दिसला पाहिजे. पण पट्ट्यांना पाणी पाजून एकदम कडक करा."

"कामच नाही करायचं त कडक कायले पाह्यजे?"

मी त्याला सांगितलं की दर्जा म्हणूनही काही असतं. तो कामाला लागला. गिऱ्हाईक शिकलेलं दिसलं की कारागीर फार वाद घालत नाहीत.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी एक मोटरसायकल दारात थांबली. पुढे चाळिशीचा माणूस, मागे त्याचे वडील. वडिलांचा उजवा हात शर्टाच्या बटणांच्या मध्ये, आधाराला अडकवलेला.

"मॅडम, तुमी शेलूबजारच्या कबाड्याकडून वाईस नेला म्हंते," मुलगा म्हणाला. "तो बाबाचा व्हता. मीच इकला. बाबाले लकवा मारला, अकोल्याले भरती व्हते. मले वाटलं आता काही हे काम करत नाही. दुकानात जागा करून राह्यलो व्हतो वेल्डिंग मशीनले."

"मले इचारलं असतं त जागा मीच करून देल्ली असती," म्हातारा म्हणाला. "मलेच देल्लं असतं कबाड्याले."

हे संभाषण घरी बऱ्याचदा झालेलं असावं.

मी त्यांना शेडमध्ये नेलं. पाहुणे आले की मी एक नंबरपासून सुरुवात करते. म्हाताऱ्याने एक ते पाचकडे पाहिलंही नाही. सरळ सहासमोर उभा राहिला, कार्ड बाजूला सारलं आणि डाव्या हाताचा अंगठा जबड्याच्या आतून फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"खाच कुठी हाय?"

"काढून टाकली," मी म्हणाले. शाबासकीची वाट पाहणाऱ्या माणसाचा जसा आवाज असतो तसा माझा होता. "पट्ट्या खराब झाल्या होत्या. नव्या बसवल्या."

"काहून?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ग्रुपवर चालणारं होतं. त्याऐवजी मी ठिपके दाखवले. सांगितलं की बाबा, ही फार मोलाची वस्तू आहे, हे ठिपके इंग्रजांच्या फौजेचे आहेत.

"हे मी ठोकले," तो म्हणाला. "एक ठिपका दिसेलोक उघडला की पास बसते. दोनले तिफणीचा फण. तीनले मोटरीचा शाफ्ट. डोया मिटून काम व्हते."

जबडा उघडला की ठिपके बाहेर येतात आणि मिटला की आत जातात, हे देशभरातल्या एकाही तज्ज्ञाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. ठिपके आम्ही सुट्या दांडीवरच पाहिले; जोडलेला वाईस कुणी उघडून पाहत बसलं नव्हतं, मिटलेला फोटोत चांगला दिसतो.

मग त्याने खाचेचं सांगितलं. डवरा हे बैलाने ओढायचं, पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं अवजार. त्याचं लोखंडी पातं म्हणजे पास. पास थोडी वाकडी असते. सपाट जबड्यात ती निसटते, म्हणून दोन्ही हातांनी जीव लावून दांडा आवळावा लागतो. त्याने पंचवीस वर्षांपूर्वी कानशीने ती तिरपी खाच केली. पास त्यात ठेवली की आपली आपण बसते, धार बरोबर वर येते आणि दांड्याला अर्धा फेरा दिला की पुरतं. अर्धा फेरा डाव्या हाताने होतो.

"उजव्या हातानं चहाचा कप धरतो," तो म्हणाला. "तोबी अर्धा भरेल पाह्यजे. पन त्या खाचेवर म्या यंदा पासा घासल्या असत्या. बैलवाले लोकं राह्यले थोडे, पन जे हायेत ते माह्याकडंच येते. पेरनी झाली की डवरनी. तवा म्या बसून राहायचं का मंग?"

"नवा वाईस घेऊन देल्ला बाबाले," मुलगा मध्ये म्हणाला.

"देल्ला ना. त्याले दोन हात लागते. दुसरा हातबी आनून दे."

मी मदतीला तत्पर असते. म्हणाले, दोन नंबरचा न्या, त्याहून मजबूत आहे.

"त्याले खाच हाय?"

"नाही."

"मंग कोन्त्याले हाय?"

एकालाही नव्हती. अकरापैकी चौघांच्या पट्ट्या मी बदलल्या होत्या आणि शेऱ्यात 'वापरामुळे विद्रूप' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. त्या चौघांत कुणाकुणाचं काय बसत असे, ते विचारायला आता कुणाकडे जायचं हे वहीत नव्हतं.

म्हाताऱ्याने मुलाच्या पिशवीतून कानस काढली आणि नव्या पट्टीवर डाव्या हाताने एकदा ओढली. काचेवरून सरकावी तशी सरकली.

"इतकं पानी कोनं पाजलं याले?"

"मीच सांगितलं होतं."

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "मॅडम, तुमी या वाईसवर काय काम करता?"

"काही नाही."

"यायच्यातल्या एकावरबी नाही?"

"नाही."

मुलाने घड्याळाकडे पाहायला सुरुवात केली. मी चहा टाकायला आत गेले.

चहा होईपर्यंत निकाल लागला होता. पट्ट्या काढून लाल होईपर्यंत तापवायच्या, राखेत गाडून हळूहळू थंड होऊ द्यायच्या, म्हणजे नरम पडतील. मग खाच करायची. मुलगा म्हणाला, ग्राइंडरने दोन मिनिटांत करतो. म्हातारा म्हणाला, ग्राइंडरने नाली होते, खाच होत नाही. त्याच्याने स्वतः कानस दाबली जात नव्हती. मुलाच्या अंगावर तीन गेटांची आणि एका शेडची कामं होती.

"मॅडमनं बुजवली, मॅडम करन," म्हातारा बशीत चहा ओतत म्हणाला.

शेडमधून वस्तू बाहेर जात नाही, हा माझा नियम होता. तो मी स्वतःच केलेला असल्याने मोडायला कुणाची मंजुरी लागली नाही. वाईस त्याच आठवड्यात मुलाच्या ओळखीच्या मालवाहू ऑटोतून शेलूबाजारला गेला आणि पट्ट्या तिथे तापवून नरम करून झाल्या. पुढच्या रविवारी जीपमध्ये आठव्या प्रवाशाच्या मांडीला मांडी लावून मीही गेले.

जाताना मी कानशीच्या कामाची माहिती काढून मुद्दे लिहून नेले होते. म्हाताऱ्याने (तिथे सगळे त्याला मिस्त्री म्हणत) कागद पाहिला आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवून दिला. "लिहू नको. कर."

एका रविवारात मी 'मॅडम'वरून 'तू'वर आले. "ढकलतानी दाब. वापस येतानी उचल. वढू नको, दात मरते तिचे." "कोपर अंगाले लाव. पोया लाटून राह्यली का?" "अशी उभी राह्य. नाही, अशी नाही. तुले कोनं उभं राहालेबी नाही शिकोलं?" मी वर्ग तीनची कर्मचारी आहे आणि माझ्या सहीशिवाय कार्यालयातून झाडूही बाहेर जात नाही, हे सांगायची संधी मिळाली नाही. तासाभराने खाचेच्या जागी एक ओरखडा दिसू लागला. मिस्त्री वाकून म्हणाला, "हे मांजरानं केलं असतं त जास्त खोल झालं असतं."

दुसऱ्या रविवारी हाताला फोड होते. तिसऱ्या रविवारी ते फुटले. घरी आमचे हे माझ्या तळहाताला हळद लावत म्हणाले, "जमवत व्हती तवाच बरं व्हतं. निदान सयपाक तरी व्हत व्हता." या वर्षी पाऊस वेळेवर येणार अशी सगळीकडे चर्चा होती. सगळे खूश होते. मी एकटी मोबाइलवर अंदाज पाहून वैतागत होते, कारण पेरणी लवकर झाली की डवरणीही लवकर.

पेरण्या झाल्या. सोयाबीन बोटभर वर आलं. मी चौथ्या रविवारी गेले तेव्हा दुकानासमोर एक माणूस आधीच उभा होता, पायाशी पोत्यात गुंडाळलेली पास. मिस्त्रीने त्याला बसवून ठेवलं होतं. मी शेवटचे दहा-बारा हात मारले, लोखंडाचा कीस फुंकला. मिस्त्रीने जबडा एका ठिपक्यापर्यंत उघडला, डाव्या हाताने पास ठेवली आणि सोडून दिली. ती पडली नाही. थोडी डुगडुगली, मग बसली. त्याने दांड्याला अर्धा फेरा दिला. उजवा हात कानशीवर नुसता ठेवला, डाव्याने धरली आणि सगळं अंग पुढे रेलून घासायला लागला. पहिले काही हात तिरपे गेले, मग आवाज एकसारखा येऊ लागला.

मुलगा वेल्डिंग बंद करून, तोंडासमोरची काच वर करून पाहत होता.

दहा मिनिटांनी पास मोकळी करून मिस्त्रीने त्या माणसाला दिली. त्याने धारेवरून बोट फिरवलं, डोळा बारीक केला.

"मिस्त्री, इकडल्या कोपऱ्याले कमी लागली."

"खाच एका अंगानं झुकेल हाय," मिस्त्री म्हणाला. "बाईनं केली. तिले सांग."

तो माणूस माझ्याकडे वळला. "बाई, कमी लागली. मले बारा वाजता डवरा जुपायचा हाय."

मी निघायला म्हणून घेतलेली पर्स खुंटीला परत अडकवली आणि कानस घेतली. मिस्त्रीने स्टूल ओढलं, वाकून जबड्याशी डोळा लावला आणि म्हणाला, "दोनच हात. हलक्यानं. थांब म्हनलं की थांब."

मी एक हात मारला.

"आन एक."