सासऱ्यांच्या साठीला विश्वासू कॅसिनो

कॅसिनो पार्टीचं सामान देणारा विश्वासू माणूस माझ्याइतक्या कसोशीने अख्ख्या मिरा रोडमध्ये कुणीही शोधलेला नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सासरेबुवांची साठी होती. त्यांचं आयुष्य सरकारी ऑडिटमध्ये गेलेलं. लग्नाला आठ वर्षं झाली तरी ‘ठीक आहे’ यापलीकडे मला शेरा मिळाला नव्हता. तेव्हा पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या गच्चीवर असा काही झोकात कार्यक्रम करायचा, की त्यांनी एकदा तरी मला हुशार म्हणावं, एवढीच माझी इच्छा. हाऊजी काय, कुणीही ठेवतं. मी ठरवलं, कॅसिनो! नोटा खोट्या, बक्षिसं खरी.

"अहो, बाबांना साधे पत्तेसुद्धा चालत नाहीत," बायको म्हणाली.

"म्हणूनच!" मी म्हणालो. (याला काही अर्थ नव्हता, पण आवाज ठाम होता.)

तीन जण सापडले. पहिल्याने हिरव्यागार टेबलांच्या फोटोंचा अल्बम पुढे केला. स्वतःच्या कामाचे इतके फोटो जवळ बाळगणारा माणूस मला सरळ वाटेना. केबिन रोडवरचा दुसरा म्हणाला, "साहब, पहले गोडाउन में आके माल देख लो, बात बाद में." माल दाखवायची एवढी घाई? काहीतरी काळंबेरं असणार! दोघेही बाद.

तिसरे भाईंदर पूर्वेचे भुवड.

"गाव कुठलं?"

"संगमेश्वराकडचं."

"काय सांगता! माझं आजोळ तिकडचंच!"

मग तासभर मी त्यांची कडक तपासणी केली. वाडी कुठली, शिमग्याला पालखी आधी कुणाच्या अंगणात येते, मामांच्या घरामागे विहीर आहे की नाही. सगळी उत्तरं चोख! सामान काय आहे, तेवढं विचारायचं राहिलं. गावच्या माणसाला असलं विचारणं बरं दिसत नाही.

रविवारी चार वाजता टेम्पो आला. मी पत्ते वाटणारे डीलर सुटात मागितले होते. लग्नाच्या बँडचे लाल कोट घातलेले चौघे उतरले, एकाच्या खांद्यावर तर सोनेरी झालर! खालच्या काकूंनी विचारलं, "वरात कुणाची हो?" टेबलं म्हणजे हिरवं फडकं पसरलेले दोन कॅरमबोर्ड. आणि मधोमध, फडकं टाकलेल्या लाकडी खोक्यावर, जत्रेतली खिळे ठोकलेली चक्री.

"भुवड, हे काय आणलंय?"

"कॅसिनोच ना साहेब? फिरतोय बघा कसा!"

फिरत होती खरी. "लावा, लावा, एकाला तीन!" चक्रीवरचा लाल कोट ओरडू लागला आणि आमच्या सुशिक्षित नातेवाइकांनी लाजलज्जा सोडून खोट्या नोटांसाठी खऱ्या कोपरखळ्या मारल्या. पण चक्री नेमकी ज्या आकड्यावर कुणीच नाही, तिथेच थांबे! तासाभरात सगळे कफल्लक. मी हौसेने आणलेला मिक्सर, इस्त्री, स्टीलचे डबे तसेच्या तसे. आणि बघतो तर भुवड ते टेम्पोत चढवतायत!

"अहो, ती बक्षिसं माझी आहेत!"

"न लागलेलं बक्षीस चक्रीवाल्याचं, साहेब. जत्रेत असंच असतंय."

तेवढ्यात सासरेबुवा खुर्चीतून उठले. खोक्यावरचं फडकं त्यांनी वर केलं. आत चक्री हवी तिथे थांबवायची एक फळी आणि फळीवर लाल कोटवाल्याचा पाय!

"पाय काढा," ते म्हणाले. पाय निघाला. मिक्सर टेम्पोतून उतरला.

मग त्यांनी भुवडांना समोर उभं केलं. "सामान न बघता जावयांनी तुम्हाला काम दिलंच कसं?"

"त्यांनी गावाचं सगळं विचारलं की! वाडी, पालखी, विहीर. तेव्हाच कळलं, हे सामान काय बघायचे नाहीत."

सासरेबुवा प्रथमच माझ्याकडे वळून हसले. मी ताठ उभा राहिलो. आठ वर्षांनी शेरा येत होता.

"माणूस लबाड आहे, पण हुशार," ते म्हणाले. "तुम्हाला एका तासात ओळखलं त्याने. मला मुलगी देऊन बसेपर्यंत कळलं नव्हतं!"