तव्यावरून उठवलेली चांगुणा

मुरुम गावात कडक भाकरी म्हटलं की चांगुणाचं नाव निघायचं. भीमनगरातली ही बाई अशी पातळ भाकरी थापायची की भाजून वाळली की पापडासारखी मोडायची. पेठेतल्या किराणा दुकानदाराची बायको जगदेवी आणि ती, दोघींनी मिळून बचत गट काढला. तवा चांगुणाचा, बोलणं-चालणं जगदेवीचं. दुपारी गटाच्या खोलीत दोघी एकाच ताटात जेवायच्या. जगदेवीच्या सासूनं त्यावरून तोंड वाकडं केलं, तेव्हा "चांगुणा माझी बहीण हाय," असं जगदेवीनं चार बायकांसमोर ठणकावलं होतं. त्या एका वाक्यावर चांगुणानं जीव टाकला.

चांगुणाचं पोट बरीच वर्षं जळत होतं. मिरचीला दोष देऊन ती खायचा सोडा पाण्यात घालून प्यायची. मग एका उन्हाळ्यात शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं आणि ती तव्यासमोरच कोसळली. जगदेवीनंच गाडी केली, सोलापूरला नेलं. दुर्बीण घातल्यावर जठरात व्रण दिसला, त्यातून रक्त झिरपत होतं. तिथले डॉक्टर अशा रोगाच्या जंतूंवर संशोधन करत होते. "मलाबी आंबट ढेकर येतात, माझंबी बघा," जगदेवी म्हणाली. दोघींना विचारून दोघींच्या जठराचे बारीक तुकडे तपासायला घेतले.

चांगुणात जंतू सापडला. औषधं सुरू झाली.

"आन तुझं?" तिनं जगदेवीला विचारलं.

"माझं काय न्हाय निघालं."

अंगात ताकद आल्यावर चांगुणा गटात गेली. तिच्या तव्यावर गटातली कमलबाई बसली होती. जगदेवी दारातच आडवी आली.

"चांगुणा, राग नको मानू. तुझ्या पोटात जंतू हाय. गिऱ्हाइकाला कळलं तर गट बुडंल."

"पर हे गटातल्या बायकांना सांगितलं कुणी?"

जगदेवी दारातून हलली नाही. आतून कुणीतरी पाणी आणून दिलं, कागदी पेल्यात, उंबऱ्याबाहेर. चांगुणाच्या आईला गावातले लोक असंच लांबून, ओंजळीत वरून पाणी ओतायचे. चांगुणानं पेला न पिताच खाली ठेवला.

औषधं संपल्यावर काही आठवड्यांनी ती नवऱ्याबरोबर, राजपालबरोबर, फेरतपासणीला गेली. जंतू गेला होता. डॉक्टरांनी सहज विचारलं, "तुमच्याबरोबर आलेल्या बाईंनी औषध घेतलं का? फोनवर सांगूनही त्या आल्याच नाहीत."

चांगुणाला आधी कळेचना. "तिच्यात बी हुता?"

डॉक्टर ओशाळले. तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं, म्हणाले. पण आता विषय निघालाच होता.

"मग मलाच का झालं, साहेब? माझ्या भाकरीतनं जंतू जाईल म्हणून मला तव्यावरनं उठवलं."

"जंतू एकाच जातीचा, पण त्याचं विष सगळीकडं सारखं नसतं. तुमच्यातल्या जंतूचं विष जहाल. ते जठराच्या पेशींत शिरतं, आत फुगे धरतात, पेशी मरतात, अस्तर कमजोर होतं. काही जंतूंचं विष जरा वेगळ्या घडणीचं असतं, त्याचा पेशींवर फारसा जोर चालत नाही. अशी माणसं आयुष्यभर धडधाकट राहू शकतात. आणि भट्टीसारख्या तापलेल्या तव्यावर तो जंतू जगत नाही, मावशी. बहुधा लहानपणीच घरातून लागतो."

मुरुमला उतरल्यावर ती थेट किराणा दुकानात गेली. जगदेवी गल्ल्यावर होती.

"तुझ्यात बी निघाला हुता."

जगदेवीचा चेहरा उतरला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "माझा साधा हाय, डॉक्टर म्हणाले. मला कुठं काय हुतंय?"

"तुला काय हुत न्हाय म्हणून तू चोख, आन म्या आजारी पडले म्हणून भ्रष्ट व्हय?"

"घरात सासू हाय, दुकान हाय. माझं नाव निघालं असतं तर..."

"म्हणून माझं काढलंस."

जगदेवी रडायला लागली. चांगुणा थांबली नाही.

आता ती भीमनगरातच स्वतःच्या चुलीवर भाकरी थापते. गिऱ्हाईक आधीच्या निम्मंही नाही; काही बायका अजून नाक मुरडतात. पोटातली आग मात्र कायमची गेली. जगदेवीनं दोनदा निरोप धाडला, गटात परत ये म्हणून. राजपाल म्हणाला, जा की. चांगुणानं नाही म्हणून मान हलवली.

"व्रण भरला, ते बरं झालं," ती म्हणाली. "तिच्या ताटातला घास आता माझ्या घशाखाली उतरायचा न्हाय."