चियांग माईची पाहुणी आणि आमचा दीड दिवसाचा गणपती

लेकीने चियांग माईच्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी घेतली, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या पुरुषमंडळींनी एकमेकांकडे बघून जे हसू दाबलं, ते मी विसरलेले नाही. थायलंड म्हणजे बँकॉक, आणि बँकॉक म्हणजे बायकोला न सांगता जायचं ठिकाण, एवढाच त्यांचा भूगोल. खरं तर माझाही फार वेगळा नव्हता. नकाशात चियांग माई शोधताना मी आधी समुद्रकिनारा धुंडाळत बसले. ते निघालं पार उत्तरेला, डोंगरांत, ब्रह्मदेशाच्या बाजूला.

ती गेली आणि दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं आमचं सरकारी क्वार्टर एकदम मोठं वाटायला लागलं. मी मनाशी धरून बसले की वर्षभर हौस करून घेईल आणि येईल परत. नवरा म्हणायचा, तू बाजारातून माठ आणलाय का, नाही आवडला तर परत द्यायला? मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. एकुलती एक मुलगी आहे, तिने डोळ्यांसमोर राहावं असं मला वाटत होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला आजही वाटत नाही.

जानेवारीत आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. दिल्लीत तेव्हा धुक्यामुळे समोरचा ब्लॉक दिसत नव्हता. बँकॉकला उतरलो तर लखलखीत ऊन. नदीतून होडीने जाताना काठावरची देवळं बघून मी बोलायचीच थांबले. अख्खा कळस चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेला, आणि त्या तुकड्यांची फुलं केलेली. दुसऱ्या दिवशी लेक आम्हाला अयुथयाला घेऊन गेली. हे नाव अयोध्येवरून आलंय असं तिने सांगितलं तेव्हा मला आधी गंमत वाटली. मग त्या पडक्या विटांच्या नगरीत शिरलो. ओळीने बसलेले बुद्ध, बहुतेकांना मस्तक नाही, आणि तरी मांडीवरचा हात जसाच्या तसा शांत. एका राज्याची राजधानी होती ती, जळली, आणि उरलं ते हे. मी आयुष्यभर दिल्लीतले पडके घुमट बसच्या खिडकीतून बघत आले, पण तिथे पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला.

रेल्वेने चियांग माईला पोहोचलो. जुनं शहर चौकोनी, भोवती पाण्याचा खंदक, आणि मागे निळा डोंगर. लेक एका बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली त्यांचं छत्र्यांचं दुकान आहे. बांबूच्या काड्यांच्या, कागदी छत्र्या, त्यांवर त्या स्वतः फुलं रंगवतात. लेक त्यांना ‘पा’ म्हणते. तिकडे पा म्हणजे मोठी मावशी.

पहिल्याच सकाळी लेकीने मला खाली नेलं. उजाडत होतं. भगव्या वस्त्रांतले भिक्षू अनवाणी, एकामागून एक चालत येत होते, आणि ते जवळ आले की दुकानदार, शाळेची मुलं, स्कूटरवरून उतरलेला एक पोलीस, जो तो चप्पल काढून गुडघ्यांवर बसत होता. पा बसल्या. त्यांच्या शेजारी माझी मुलगी बसली. तिने भाताची पुडी अलगद पात्रात ठेवली आणि डोकं खाली घातलं. घरी आरतीला दहा हाका मारल्याशिवाय खोलीतून बाहेर न येणारी ही मुलगी! मी थक्क होऊन बघत राहिले. नंतर भाजीवालीशी ती त्या चढउतारांच्या भाषेत बोलली, तेव्हा भाजीवाली हसली आणि तिला कोथिंबीर फुकट मिळाली. सरोजिनी नगरच्या बाजारात मला इतक्या वर्षांत कुणी फुकट काही दिलेलं नाही.

आणि दुकानात गणपती होता. पितळेचा, चांगला हातभर उंच. पुढे केळी, ऊस, आणि लाल सोड्याची बाटली, तीही स्ट्रॉ घालून. मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. इतक्या लांब, डोंगरात, आपला गणपती थाटात बसलाय, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. पा म्हणाल्या की तो कलेचा देव आहे, त्याला विचारल्याशिवाय त्या कुंचला हातात घेत नाहीत. तो तुमच्याकडे कसा राहतो, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चतुर्थीला आमच्याकडे या, म्हणजे दिसेल. असं आपण कुणालाही म्हणतोच.

पण परत येताना माझा विचार बदललेला नव्हता. देश सुंदर आहे, हे मी कबूल केलं. मुलगी मात्र घरी हवी. मार्चमध्ये तिकडे शेतं आणि जंगलं जाळतात आणि महिनाभर धूर कोंडतो, हे ऐकल्यावर माझ्या हातात आयतंच कोलीत आलं. फोनवर ती नुसती हसली.

“यार आई, तू दिल्लीत बसून मला धुराचं सांगतेयस?”

मग मी नोएडातल्या एका शाळेत ओळखीने तिच्यासाठी जागा बघितली. दिवाळीनंतर रुजू व्हायचं. तिकडच्या शाळेलाही याच सुमारास पुढच्या दोन वर्षांचं हो किंवा नाही सांगायचं होतं. ती म्हणाली, गणपतीला येते, तेव्हा बोलू. आणि येताना खरंच पांना घेऊन आली. त्यांना गणपती त्याच्या स्वतःच्या मुलखात बघायचा होता.

करोल बागेतून शाडूची लहानशी मूर्ती आणली होती. पांनी तिच्यासाठी वीतभर छत्री रंगवून आणलेली. कोपऱ्यावरच्या दुकानातून लाल सोडा आणून त्यांनी स्ट्रॉसकट मोदकांच्या शेजारी ठेवला. शेजारच्या वहिनी दर्शनाला आल्या, त्यांनी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अच्छा लगता है इन्हें. आरतीचा एक शब्द येत नसताना पा आमच्यापेक्षा नेटाने टाळ्या वाजवत होत्या. आरती संपल्यावरही त्या तिथून हलल्या नाहीत, मूर्तीकडे बघत बसल्या. आपल्या घरातला देव दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. तो मलाही नवा दिसायला लागला.

नोकरीचं आम्ही कुणीच बोललो नाही. लेक माझ्या अवतीभोवती घुटमळत होती आणि मी मुद्दाम कामात होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरपूजा झाली. यमुनेत विसर्जनाला बंदी, म्हणून आम्ही बाल्कनीत बादलीत करतो. नवऱ्याने बादली भरली. मी मूर्तीच्या हातावर दही घातलं आणि पाट उचलायला वाकले, तर पांनी तो दोन्ही हातांनी धरला. बादली कशाला, हे त्यांनी आत्ताच लेकीला विचारलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आम्ही देवाला बुडवणार, हे त्यांच्या कल्पनेतही नव्हतं. त्या भराभर बोलत होत्या आणि लेक मराठीत सांगत होती. कालच तर आलाय. मला द्या. मी मांडीवर घेऊन विमानात बसेन, माझ्या गणपतीशेजारी ठेवीन, रोज फुलं घालीन.

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. म्हटलं, “त्यांना सांग, हा मातीचा आहे. ठेवून घेतला तर वाळेल, तडकेल. हा जायचा म्हणूनच येतो.”

लेकीने सांगितलं. पांनी विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटत?

“वाटतं तर. दर वर्षी वाटतं. घर खायला उठतं.”

मग का पाठवता?

“आपण आणला, लाड केले, म्हणून तो आपला होत नाही,” मी म्हणाले. “धरून ठेवला तर त्याचंच नुकसान. हसून पाठवायचं, म्हणजे पुन्हा यावंसं वाटतं.”

लेक थायमध्ये सांगायला लागली आणि मधेच थांबली. पा तिच्याकडे बघत होत्या. नवरा बाल्कनीच्या दारात उभा होता, त्याने मान दुसरीकडे वळवली. मी काय बोलून बसले ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. लेकीने उरलेलं हळूहळू सांगितलं. पांनी खूप वेळाने पाटावरचे हात काढले, आणि मूर्तीला कमरेतून वाकून नमस्कार केला.

विसर्जन झालं. शाडू हळूहळू विरघळत गेली, पाणी मातीच्या रंगाचं झालं. पा शेवटपर्यंत हात जोडून बादलीशी बसून होत्या.

मी आत आले. वाटीत दही उरलं होतं. लेक पाट पुसत होती. तिला म्हटलं, हात पुढे कर. तिने केला, आणि दही बघून एकदम मागे घ्यायला लागली, तशी मी तिचं मनगट धरलं.

“आई, माझी निघायची वेळ परवा आहे.”

“माहीत आहे,” मी म्हणाले. “परवा मला जमणार नाही. आत्ता खा, आणि त्या तुझ्या शाळेला हो म्हणून कळव.”