हौदातले चतुर

तुकईथडच्या बाजूच्या एका लहान शाळेत मी विज्ञान शिकवतो. त्या शनिवारी चौथीला चतुर शिकवला. आमच्याकडची पोरं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात आणि शेपटीला दोरा बांधून फिरवतात. ते बंद व्हावं, एवढाच माझा हेतू होता.

फळ्यावर दोन चित्रं काढली. बसल्यावर पंख पसरलेले ठेवतो तो चतुर. पंख पाठीवर मिटून घेते ती काडीसारखी टाचणी. लाल चतुर आपली एक काडी धरून बसतो, दुसरा कोणी आला की हुसकावतो आणि पुन्हा तिथंच येतो. पिवळसर असतात ते पावसाळा सरताना कपाशीवर झुंडीनं घिरट्या घालतात, बसायचं नाव घेत नाहीत. डंख कुणालाच नसतो, आणि डास तर उडता उडता पकडून खातात. पोरं मन लावून ऐकत होती. मीही खुशीत होतो.

तेवढ्यात माझ्या पुतणीनं हात वर केला. ती त्याच वर्गात आहे. "सर, तो पाण्यातून निघतो. सच्ची. मी आमच्या हौदात पाहिला."

"पाण्यातून बेडूक निघतो, बाई," मी म्हणालो. सगळा वर्ग हसला आणि ती खाली बसली. चतुराचं पिल्लू कसं असतं हे मी स्वतः कधी वाचलं नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायला जीभ रेटत नव्हती.

संध्याकाळी तिच्या बापानं, माझ्या मोठ्या भावानं, मला केळीच्या मळ्यातल्या हौदावर नेलं. ठिबकचं पाणी तिथूनच जातं. तळाशी मातकट रंगाचे, सहा पायांचे किडे सरपटत होते आणि भिंतीला वाळकी टरफलं चिकटली होती. "मास्तर, पाहाय बरं, हे काय लटकेल आहे?" त्याच्या आवाजात धास्ती होती. मागच्या साली व्हायरसनं त्याला उभी केळी उपटून फेकावी लागली. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मी वाकून पाहिलं आणि बेधडक सांगितलं, "कीडच दिसते. औषध टाक."

सकाळी भावाची आरडाओरड ऐकून मी धावत गेलो. पुतणी हौदाच्या काठावर बसली होती, दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात. भाऊ औषधाची उघडी बाटली धरून तिच्यासमोर उभा.

"पाय काढ, बेटा. जहर आहे हे."

"नाही काढत. टाका तुम्ही."

 मला पाहून तिनं नुसतं बोट दाखवलं. भिंतीवर तसाच एक मातकट किडा पाण्याबाहेर येऊन चिकटला होता. त्याची पाठ उकलली होती आणि त्यातून फिकट, ओलसर अंगाचा चतुर अर्धा बाहेर आला होता. पंख अजून चुरगळलेले. आम्ही तिघं कितीतरी वेळ बघत राहिलो. हळूहळू पंख ताणले गेले, आणि काल मी फळ्यावर काढला होता तो चतुर माझ्यासमोर तयार झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कीड नाही, दादा," मी म्हणालो. "चतुराची पिल्लं आहेत. हिनं काल भर वर्गात सांगितलं होतं. मीच हिचं हसं केलं."

भावानं माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. त्यानं बाटलीचं बूच घट्ट लावलं. "चल, झालं. ऊठ आता."

ती उठली नाही. मी हात पुढे केला, तो तिनं धरला नाही. बाटली अजून बापाच्या हातात होती आणि मी शेजारीच उभा होतो. आम्हा दोघांवरही तिचा भरवसा उरला नव्हता. शेवटी भाऊ बाटली घेऊन घराकडे गेला. तो केळीच्या ओळींआड दिसेनासा होईपर्यंत ती पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही पण जा."

मी गेलो.