उसनं ऊन

आमच्या सासूबाई कुठल्याही गोष्टीला "चालेल" म्हणायला लागल्या, तेव्हा मी घाबरले.

बाहेरच्या माणसाला यातलं गांभीर्य कळायचं नाही. या बाईंनी माझ्या लग्नापासून माझ्या एकाही पदार्थाला सरळ होकार दिलेला नव्हता. आमटीला "पातळ झालीय, पण असू दे." पोळीला "कडा कच्च्या राहिल्या." वर्तमानपत्राची घडी नीट नसली तर "शाळेत शिकवायचीस ना तू?" आणि आता त्याच आई मान खाली घालून मुकाट्याने जेवत होत्या. एक दिवस आमटीत मीठ घालायचंच विसरले. आईंनी भात कालवला, दोन घास खाल्ले आणि विचारल्यावर म्हणाल्या, "चालेल." मी ह्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. म्हटलं, "अहो, आईंचं काहीतरी बिनसलंय." हे म्हणाले, "मला वाटलं, तुमचं दोघींचं पटायला लागलं."

बिनसण्याचं कारण समोरच उभं होतं. आमची कर्वेनगरातली सोसायटी जुनी, बिनलिफ्टची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. गॅलरी पूर्वेला. थंडीत तिथे सकाळभर कोवळं ऊन असायचं आणि त्या उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर आई बसायच्या. मांडीवर ताट, पायाशी मटारची पिशवी, नजर गल्लीवर. शेंगा सोलता सोलता अख्ख्या गल्लीची हजेरी व्हायची. अमक्यांचा मुलगा आज उशिरा निघाला, तमक्यांच्या सुनेने केस कापले, दूधवाल्याने गाडी पुन्हा फाटकात लावली. मग समोर तिरक्या बाजूला एक बंगला पडला आणि त्या जागी काचेचा गुळगुळीत टॉवर आला. त्याने आमचं ऊन गिळलं.

आई दोन-चार दिवस गारठलेल्या गॅलरीत शाल गुंडाळून बसल्या. मग आत आल्या त्या आल्याच. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. वेणी घालत नव्हत्या. उठवायचं तर एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने हे, असं धरून उठवावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, "सकाळचं ऊन मिळू द्या त्यांना." मी म्हटलं, "कुठून आणू?" तर म्हणाले, गोळ्या मिळतात. गोळ्या आणल्या. पण गोळीत बसून गल्ली दिसत नाही ना! खाली नेऊन बसवावं तर तीन जिने आणि त्यांचे ते गुडघे. मला सारखं वाटायचं, ही बाई आता अशीच हळूहळू आटत जाणार आणि आपण गोळ्या मोजत बसणार.

ऊन गेलं आणि त्याच्या बदल्यात आम्हाला एक आवाज मिळाला. रोज सकाळी, दात घासायच्या वेळेला, भसाड्या आवाजात सुरू व्हायचं, "हॅलो! हा बोल बाप्पा! काय करून राहिला? जेवला काय?" पलीकडचा माणूस जेवला की नाही हे त्याच्याआधी आम्हाला कळायचं.

आता मी पडले विज्ञानाची मास्तरीण. परावर्तन आणि अपवर्तन शिकवण्यात हयात गेली. मी ह्यांना समजावून सांगितलं की, हा आवाज लांबून कुठून तरी येत असणार. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार असते, वरची त्यामानाने उबदार. त्यामुळे वर चाललेला आवाज वाकतो आणि पुन्हा खाली येतो. म्हणून तर पहाटे आगगाडीची शिट्टी एरवी येत नाही तिथपर्यंत येते. हे आवाजाचं अपवर्तन. ह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खिडकी लाव."

पण ऊन वर आलं तरी आवाज येतच राहिला, तेव्हा तो सिद्धान्त मी मागे घेतला. कान देऊन ऐकलं. आवाज सरळ टॉवरमधून येत होता. मजलासुद्धा सांगता आला असता. म्हटलं, आधी ऊन खाल्लं आणि वर हे? तरातरा जाऊन त्या मजल्यावरची बेल वाजवली.

दार उघडलं एका तरुणाने. वर इस्त्रीचा शर्ट, खाली अर्धी चड्डी, कानाला हेडफोन. मी जे काही बोलायचं ते बोलून घेतलं. तो म्हणाला, "काकू, मी दिवसभर म्यूटवर असतो. मला बोलायला देतंय कोण! तो आवाज मलापण येतो. तो तुमच्या बिल्डिंगमधून येतो. मी आमच्या ग्रुपवर तुमची कम्प्लेंटपण टाकलीये."

आम्ही दोघं त्याच्या गॅलरीत जाऊन उभे राहिलो. तेवढ्यात आलाच, "हॅलो! हा बोल बाप्पा!" पण इथून ऐकलं तर आवाज ना त्यांचा होता ना आमचा. तो येत होता उत्तरेच्या जुन्या इमारतीतून, तिसऱ्या मजल्यावरच्या एका सताड उघड्या खिडकीतून. ती खिडकी आमच्या घरातून दिसतच नाही. आम्हाला दिसतो फक्त तिथल्या गॅलरीच्या कठड्याचा कोपरा. म्हणजे आवाज तिथून निघत होता, टॉवरच्या काचेवर आपटत होता आणि तिथून वळून आमच्या घरात शिरत होता. आरशातला माणूस आरशाच्या मागे उभा वाटतो, हे मी पिढ्यान् पिढ्या पोरांना फळ्यावर बाण काढून शिकवलं, आणि स्वतः मात्र आरशाशी भांडायला आले होते. त्या पोराला मी आवाजाचं परावर्तन थोडक्यात समजावून सांगितलं. तो म्हणाला, "ओके काकू." आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या जुन्या इमारतीचे जिने चढले. चढताना वाक्यं तयार करत होते. "आपले नातेवाईक वेळेवर जेवतात हे ऐकून आनंद झाला. सगळ्या कर्वेनगरलाच झाला." नंतर, "आपण फोन का वापरता? नुसतं बोललात तरी पोचेल." दोन्ही वाक्यं मला फार आवडली होती. कुठलं आधी टाकावं याचा विचार करतच बेल दाबली.

दार उघडलं ते कानटोपी घातलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. मी कोण, कशाला आले, काही विचारलं नाही. "या बाप्पा, या! बसा!" म्हणाले आणि चहा टाकायला गेले. अमरावतीकडचे. मुलगी-जावई दोघंही आयटीत, सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. दिवसभर काका एकटे. कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये, कारण ते किरकिर करतं. "इथं बोलाले माणूसच नाई कोणी," असं ते मला इतक्या मोठ्याने म्हणाले की, टॉवरमधल्या पोरालाही कळलं असणार. म्हटलं, चहा होऊ दे, मग वाक्य टाकू.

चहा घेऊन ते म्हणाले, "चला गॅलरीत, तिथं मस्त ऊन आहे." मी गॅलरीत पाऊल टाकलं आणि थबकले. काय ऊन होतं! दक्षिणेची गॅलरी, मधे टॉवरचा अडसर नाही. एका धोतराच्या फडक्यावर मुगवड्या वाळत होत्या. माझी पाठ, खांदे, कान सगळं हळूहळू सैल झालं. आणि तिथून मला आमची गॅलरी दिसली. काळोखी, ओलसर. आत आईंची रिकामी खुर्ची, कुणीतरी वाळत टाकून विसरलेल्या फडक्यासकट. एवढी मेहनत करून रचलेली दोन्ही वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

"काका," मी ओरडून म्हटलं, "तुमच्याकडचं थोडं ऊन मिळेल का?"

"घ्या की! बसा, दुपारलोक राह्यते ते इथं."

मग मी त्यांना आईंबद्दल सगळं सांगितलं, ओरडून ओरडून, आणि सांगता सांगता रडलेही. ओरडणं आणि रडणं एकाच वेळी जमत नाही, हे तेव्हा कळलं. इथल्या कठड्यावर आरसा लावला तर ऊन आमच्याकडे वळवता येईल, असं हातवारे करून दाखवलं. काकांना ताबडतोब समजलं. "अवो, आमी शाळेत मास्तरच्या डोयावर मारत होतो ना!" माझ्या पेशाबद्दल मी तोवर काही बोलले नव्हते ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बाथरूममधला मोठा आरसा काढून नेला. ह्यांनी दाढी चाचपडत केली. हे आमच्या गॅलरीत फोन घेऊन उभे, मी आणि काका पलीकडे आरसा धरून. आपतन कोन आणि परावर्तन कोन समान, हे मला झोपेतही सांगता येतं. आरसा जेवढा फिरवू त्याच्या दुप्पट किरण फिरतो, हेही मी शिकवलेलं. पण ते तोंडाला येत होतं, हाताला कुणी शिकवलं नव्हतं. आरसा जरा हलला की ऊन थेट गल्ली ओलांडून धावायचं. आधी ते टॉवरमध्ये त्या पोराच्या तोंडावर गेलं. "काकू, प्लीज! क्लायंट आहे!" तिथून आमच्या खालच्या मजल्यावर टॉवेल वाळत घालणाऱ्या बाईंवर गेलं. त्यांनी वर बघून पदर सारखा केला. मग बराच वेळ ते कुठेच सापडेना. शेवटी फोनवर ह्यांचा आवाज आला, "मला काही दिसत नाहीये."

"म्हणजे बरोबर आलंय! हलू नका!"

काकांनी आरसा पायजम्याच्या नाडीने कठड्याच्या आमच्याकडच्या कोपऱ्याला बांधला. सूर्य सरकेल तसा तो फिरवायला हवा, तर म्हणाले, "मी बसतो ना इथं खुर्ची टाकून. मले काय काम आहे?"

मी धापा टाकत घरी आले. आई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

"आई, गॅलरीत ऊन आलंय."

"कुठलं?"

"पलीकडच्या जुन्या इमारतीतल्या काकांनी आरशातून पाठवलंय."

आई कुशीवर वळल्या. "पाठवलंय? कोण ते? ओळख ना पाळख. आणि त्यांचं ऊन आपण असंच घ्यायचं?"

"अहो आई, ऊन आहे ते. वाटीभर साखर नाही."

"तेच म्हणतेय. साखरेची वाटी निदान भरून परत करता येते."

आमच्या घरात शेजारणीचं भांडं रिकामं परत गेल्याचं कुणाला आठवत नाही. निदान चार दाणे खडीसाखरेचे घालून जाईल, पण रिकामं नाही. आता उन्हाचं भांडं कसं भरायचं, हा प्रश्न भौतिकशास्त्रात बसत नव्हता. आईंनी तो क्षणभरात सोडवला.

"काय आवडतं त्या गृहस्थांना?"

"मला काय माहीत?"

"चहा पिऊन आलीस ना त्यांच्याकडे? एवढा वेळ बसलीस, आणि एवढंही विचारलं नाहीस?"

इतक्या दिवसांनी मला घरात कुणीतरी रागावत होतं.

"मटार आहेत का?"

"आहेत."

"मग करंज्या करू मटारच्या. सारण मी करीन, तुझं तिखटजाळ होतं. कंगवा दे आधी. परक्या माणसासमोर अशी बसू का मी?"

आम्ही दोघांनी धरून त्यांना गॅलरीत नेलं. बसायच्या आधी त्यांनी त्या उजेडात नुसते हात धरले. तळवे, मग पालथे, मग पुन्हा तळवे. बसल्यावर डोळे मिटून घेतले. मग "पिशवी सरकव इकडे" म्हणाल्या आणि शेंगांचा टचटच आवाज सुरू झाला.

सगळं झकास चाललं होतं, आणि ऊन सरकलं. आधी आईंच्या मांडीवरून गेलं, मग खांद्यावरून, मग नुसतं भिंतीवर. पलीकडे बघितलं तर कठड्याच्या त्या कोपऱ्यात काका आपल्या वाटच्या उन्हात खुर्चीवर मान टाकून गाढ झोपलेले. मी हाका मारल्या. ह्यांनी मारल्या. टॉवरमधल्या पोराने खिडकी उघडून मारल्या. काका ढिम्म. मशीन ड्रॉवरमध्ये. "मी पळत जाऊन उठवून येते," मी म्हटलं.

"थांब," आई म्हणाल्या.

त्यांनी ताटातले मटार माझ्या ओढणीत ओतले. मग एका हाताने कठडा धरला आणि उठून उभ्या राहिल्या. हे पुढे धावले, मी त्यांचा शर्ट मागून धरून ठेवला. आईंनी ते रिकामं स्टीलचं ताट भिंतीवरच्या उजेडात धरलं, जरा तिरकं केलं, अजून जरा, आणि गल्लीपलीकडे काकांच्या डोळ्यांवर झगझगीत तिरीप मारली. काका दचकून उठले, कानटोपी सावरली, आणि कर्वेनगरभर ऐकू गेलं, "हो बाप्पा हो! जागाच आहे!" आरसा हलला. ऊन भिंतीवरून उतरत आईंच्या तोंडावर आलं. त्या तशाच उभ्या, कुणीही धरलेलं नसताना, डोळे बारीक करून हाताने खुणावत होत्या, थोडं खाली, अजून खाली, गुडघ्यांवर.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"अशी खुळ्यासारखी बघत काय राहिलीस? ओढणी धर नीट. सगळे दाणे सांडतायत."